आधी ‘कुठलं’, मग ‘कुणाचं’

दसऱ्याच्या आगेमागे रेणापूरच्या शिवारात सोयाबीनच्या गंजी लागलेल्या असतात आणि विजेच्या तारांवर जागोजागी एक मळकट तपकिरी पक्षी मान आखडून बसलेला दिसतो. तो उडाला की निळ्याच्या दोन छटा अशा झळकतात, की मघाचा पक्षी तो हाच यावर विश्वास बसू नये. कुणी त्याला नीलपंख म्हणतं, कुणी चास, कुणी तास, कुणी नीलकंठ. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. याच दिवसांत धुऱ्यावर एखादं निळं पीस पडलेलं सापडतं. मातीवर ते गर्द निळं दिसतं. तेच उचलून सूर्याकडे धरलं आणि आरपार पाहिलं, की निळेपण जातं आणि हातात काळपट तपकिरी पीस उरतं. पीस तेच, ऊन तेच. मग रंग गेला कुठे?

हे कोडं सोडवलं की पीस ओळखण्याची अर्धी विद्या हाती येते. सापडलेल्या पिसावरून पक्षी ओळखताना बहुतेक जण पहिल्यांदा रंगाला साक्षीला बोलावतात, आणि चुकतात तेही तिथेच. रंग हा साक्षीदार खोटारडा नाही, पण तो उजेडाप्रमाणे, उन्हातान्हाप्रमाणे, पक्ष्याच्या वयाप्रमाणे आणि नर-मादीप्रमाणे जबानी बदलतो. त्यापेक्षा पिसाचा आकार भरवशाचा, कारण आकार पिसाच्या कामावरून ठरतो आणि काम ते पीस अंगावर कुठे होतं यावरून. म्हणून ‘हे कुणाचं?’ याआधी ‘हे अंगावरचं कुठलं?’ हा प्रश्न विचारायला हवा. रंगाची पाळी त्यानंतर.

निळा रंग कुठेच नसतो

खडीसाखरेचा खडा काचेसारखा पारदर्शक असतो. तोच कुटून पिठीसाखर केली की पांढरी शुभ्र दिसते. तिच्यात पांढरा रंग कुणी घातलेला नसतो. असंख्य बारीक कणांवरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून ती पांढरी. बगळ्याच्या पिसाचं तसंच आहे. त्यात पांढरं रंगद्रव्य नसतं. आपली नखं आणि जनावरांची शिंगं ज्या जातीच्या पदार्थाची, त्या केराटिनचीच पिसं बनलेली असतात, आणि त्यातल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे पीस पांढरं दिसतं.

आता या पोकळ्या जवळजवळ सारख्या आकाराच्या आणि ठरावीक अंतरावर असतील तर? मग सगळा उजेड सारखा परत येत नाही. ज्या रंगाच्या लहरींचं माप त्या अंतराशी जुळतं, तेवढाच रंग जोमाने परततो. नीलपंखाच्या पिसात हे माप निळ्या रंगाशी जुळतं. उरलेला उजेड खालचा मेलॅनिनचा काळपट थर शोषून घेतो. आपल्या केसांना काळेपणा देणारं द्रव्य ते हेच. म्हणून समोरून उजेड पडला की निळा परतून डोळ्यांत येतो, आणि मागून उजेड आला की फक्त खालचा काळा-तपकिरी थर दिसतो. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर एवढंच. हे पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळणार नाही, मातकट भुकटी मिळेल. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर निबंध लिहिला तेव्हा अभ्यासाला हाच पक्षी घेतला होता. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड प्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका निळ्या पक्ष्याच्या पिसातल्या पोकळ्यांची रचना मोजून दाखवली. त्या दिसायला अस्ताव्यस्त असल्या तरी त्यांच्यातली अंतरं नेमकी असतात, हे त्यातून पुढे आलं.

पोपटाचा हिरवा रंग ही आणखी वेगळी गंमत. निळा दाखवणारी पोकळ्यांची रचना खाली आणि वर पोपटाने स्वतःच्या अंगात तयार केलेलं पिवळं रंगद्रव्य. पिवळ्या काचेतून निळं पाहावं तसा हा हिरवा. मोराच्या पिसाऱ्यातले रंग कोनाप्रमाणे बदलतात, कारण तिथे मेलॅनिनच्या कांड्या विटांसारख्या रचलेल्या असतात. नीलपंखाचा निळा मात्र पीस तिरपं केलं तरी फारसा बदलत नाही.

एवढं कळल्यावर रंगाचा मोह थोडा ओसरतो. शिवाय रंग झिजतो. मेलॅनिन पिसाला चिवट करतं, त्यामुळे काळा भाग टिकतो आणि पांढरा आधी विरतो. उघड्या चोचीच्या करकोच्यासारख्या, एरवी पांढऱ्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या पंखांच्या कडा काळ्या असतात, त्यामागे हेही एक कारण आहे: सगळ्यात जास्त झीज तिथेच होते. दोन पावसाळे बांधावर पडलेल्या पिसाचा रंग हा मग फार तर अंदाज.

पिसाची बांधणी

पीस हातात घ्या. मधला कणा, त्याचा तळाचा पोकळ देठ आणि दोन्ही बाजूंना पातं. पातं अखंड दिसतं, पण ते शेकडो तंतूंचं असतं. प्रत्येक तंतूला उपतंतू आणि उपतंतूंना आकडे. एका तंतूचे आकडे शेजारच्या तंतूच्या खाचेत अडकतात, बॅगेच्या चेनसारखे. पातं बोटाने विसकटून पुन्हा देठाकडून टोकाकडे चिमटीतून ओढलं की फट मिटते. पक्षी चोचीने दिवसभर करत असतो ते हेच. जिथे हवा अडवायची नसते तिथे हे आकडे नसतात. छातीच्या पिसाचा तळ म्हणूनच कापसासारखा मऊ असतो, त्याचं काम ऊब धरून ठेवण्याचं. मोराच्या डोळ्याच्या पिसाचे तंतू सुटे लोंबतात, कारण ते उडण्याचं पीस नाहीच. ते शेपटीचंही नाही. शेपटीच्या मुळाशी वरून येणारी ही आच्छादनाची पिसं वाढून पिसारा होतो आणि खरी शेपटी त्याला मागून टेकू देते.

आता कणा पात्याच्या मधोमध आहे की एका कडेला, ते पाहा. देवळाच्या पताकेची काठी कापडाच्या एका कडेला असते, म्हणून वाऱ्यात कापड मागे सरळ तरंगतं. काठी मधोमध असती तर कापड दोन्हीकडे फडफडलं असतं. पंखाच्या टोकाकडच्या पिसांचं तसंच आहे. वाऱ्याला भिडणारी बाजू अरुंद आणि ताठ, मागची रुंद आणि लवचीक. कणा असा कडेला असला म्हणजे पीस वाऱ्यात पिळवटत नाही. हा बेढबपणा उडण्याशी किती बांधलेला आहे, हे शहामृगाकडे पाहून कळतं. त्याच्या पिसांच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. फेडुचिया आणि टॉर्डॉफ यांनी १९७९ मध्ये आर्किऑप्टेरिक्स या जीवाश्म पक्ष्याच्या पिसांत हीच असमानता दाखवून, तो उडत असावा असा युक्तिवाद केला होता.

यावरून जागा ठरवता येते. एक बाजू चिंचोळी, दुसरी रुंद आणि पीस ताठ असेल तर ते पंखाच्या टोकाकडचं, म्हणजे पक्ष्याच्या ‘हाताच्या’ हाडांना जोडलेलं. आखूड, मागे वाकलेलं, बोथट टोकाचं असेल तर कोपराकडचं. सरळ आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतील तर शेपटीच्या मधलं, सरळ पण कण्याच्या बाजू विषम असतील तर शेपटीच्या कडेचं. तळ लवेने भरलेला असेल तर अंगावरचं. पंखाच्या टोकाचं पीस डावं की उजवं, हेही सांगता येतं. कण्याला ज्या बाजूला पन्हळ असते ती खालची बाजू, गुळगुळीत ती वरची. वरची बाजू आपल्याकडे, देठ वर आणि टोक खाली असं धरा, जणू पक्षी आपल्याकडे पाठ करून बसलाय. अरुंद कड डावीकडे आली तर पीस डाव्या पंखाचं.

जागा कळल्यावर माप बोलतं

‘मोठं पीस म्हणजे मोठा पक्षी’ हा आडाखा जागा न ठरवता वापरला तर फसवतो. कावळ्याच्या छातीचं पीस आणि चिमणीच्या पंखाचं पीस लांबीला जवळपास येऊ शकतात. पण पंखाच्या टोकाचंच पीस आहे हे ठरलं की माप अचानक उपयोगी पडतं. घारीचं असं पीस दीड वीत भरतं, कावळ्याचं वीतभराच्या अलीकडे-पलीकडे, पारव्याचं त्याहून लहान.

आता निळ्या पिसाकडे परत. रेणापूरच्या शिवारात आणि भंडारवाडीच्या रेणा मध्यम प्रकल्पाच्या काठाने निळं पीस टाकू शकणारे पक्षी मोजकेच: नीलपंख, पांढऱ्या छातीचा खंड्या, छोटा खंड्या, जांभळी पाणकोंबडी आणि मोर. पीस पंखाच्या टोकाचं आणि १५ सेंटिमीटरच्या आसपास असेल, त्याचा रंग जांभळट गर्द निळा असेल आणि त्यावर फिक्या निळ्याचा आडवा पट्टा असेल, तर ते नीलपंखाचं. शेपटीचं पीस असेल तर रंगांची मांडणी बदलते: बहुतेक भाग फिका निळा आणि टोकाला गर्द पट्टा. शेपटीची मधली पिसं तर मळकट हिरवट असतात, ती नीलपंखाची आहेत हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही. खंड्याचं पंखाचं पीस बरंच आखूड, टोकाला काळं आणि मुळाकडे पांढरं. उडणाऱ्या खंड्याच्या पंखात जो पांढरा ठिपका चमकतो, तो हाच पांढरा भाग. म्हणजे ‘निळं’ या शब्दाने काहीच ठरलं नाही. ठरवलं ते निळं कुठे आणि किती आहे याने.

विटकरी पिसांचीही अशीच जोडी आहे. भारद्वाजाचे पंख विटकरी असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण नर मोराच्या पंखाच्या टोकाची पिसंही विटकरीच असतात, हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही, कारण मोर म्हटलं की निळ्या-हिरव्याखेरीज दुसरं डोळ्यांपुढे येत नाही. भारद्वाजाचं पीस आखूड, रुंद आणि काहीसं मऊ, कारण तो झुडपांतून लांब न उडता ढांगा टाकत फिरणारा पक्षी. मोराचं त्याच्या दुपटीहून लांब आणि ताठ, कारण एवढं जड शरीर जमिनीवरून एकदम उचलायचं असतं.

शिक्रा, कोकिळा आणि पावशा

इथे रास्त आक्षेप येतो. रंग बदलतो हे मान्य, पण नक्षी तर बदलत नाही ना? पट्टे, ठिपके, कडा यांवर भरवसा ठेवायला काय हरकत? हरकत फारशी नाही. पीस वाढत असताना मेलॅनिन कधी भरायचं आणि कधी नाही, यावरून नक्षी उमटते, आणि ती रंगछटेपेक्षा नक्कीच खात्रीची. पण नक्षीचीही नक्कल होते.

आडव्या पट्ट्यांचं, बोटभर रुंद, तपकिरी पीस सापडलं की गावातला जाणकार ‘शिक्रा’ म्हणतो. बऱ्याचदा ते कोकिळेच्या मादीचं निघतं. नर कोकिळ काळा कुळकुळीत, मादी तपकिरी आणि ठिपक्या-पट्ट्यांची. फरक पाहायचा तो पट्ट्यांच्या उलटसुलटपणात. शिक्र्याच्या शेपटीत जमीन फिकी राखाडी आणि पट्टे गडद. कोकिळेच्या शेपटीत जमीन गडद आणि पट्टे पांढुरके. कापड तेच, छपाई उलटी.

पावशा याहून चतुर. ‘पेरते व्हा’ म्हणून साद घालणारा हा पक्षी रंगाने, पट्ट्यांनी आणि उडण्याच्या ढंगानेसुद्धा शिक्र्यासारखा दिसतो. तो सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि शिकारी पक्ष्यासारखं दिसण्याचा त्याला तिथे फायदा होत असावा, असं पक्षितज्ज्ञ मानतात. म्हणजे ज्या नक्षीने सातभाई फसतात, तिने आपण का फसू नये? इथे पुन्हा आकार सोडवणूक करतो. शिक्र्याच्या पंखाच्या बाहेरच्या पिसांना अर्ध्यावर ठळक खाच असते, पीस तिथे एकदम अरुंद होतं. पंख पसरल्यावर या खाचांमुळे पिसं बोटांसारखी सुटी होतात आणि प्रत्येक बोट स्वतंत्रपणे वारा कापतं. घारीत हे आकाशात सहज दिसतं. पावशाचं पीस निमुळतं होत जातं, तशी ठळक खाच त्याला नसते. पावशाने नक्कल केली ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. उडण्याची यंत्रणा मात्र त्याची स्वतःचीच राहिली.

घुबडाचं पीस ओळखायला तर डोळेही लागत नाहीत. बोट फिरवलं की वरची बाजू मखमलीसारखी लागते. गव्हाणी घुबडाच्या पंखाच्या सगळ्यात बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दात असतात आणि मागची कड झालरीसारखी विरलेली असते. दातांनी वारा बारीक धारांत फुटतो, मखमलीने पिसं एकमेकांवर घासल्याचा आवाज मरतो आणि उंदराला चाहूल लागत नाही. किड्यांवर जगणाऱ्या पिंगळ्यात ही फणी तितकी ठळक नसते.

गळलेलं की उपटलेलं

बहुतेक स्थानिक पक्षी वीण आटोपल्यावर जुनी पिसं टाकतात, म्हणून पावसाळा सरताना पिसं जास्त सापडतात. मोराचा पिसाराही याच सुमारास गळतो. पंखाची पिसं सहसा दोन्ही बाजूंनी जोडीने, एकेक करून गळतात, त्यामुळे तोल जात नाही. म्हणून सुटं, थोडं झिजलेलं पीस गळलेलं असण्याचा संभव अधिक. एकाच जागी ढीग पडला असेल तर ती शिकारीची जागा. शिकारी पक्षी चोचीने पिसं मुळासकट उपटतो, देठ शाबूत राहतो. मांजर, मुंगूस, कोल्हा दातांनी तोडतात, देठ चावल्यासारखा तुटलेला असतो. ढीग सापडला तर ओळख सोपी, कारण पंख, शेपूट आणि अंग या तिन्ही जागांची साक्ष एकदम मिळते.

> पीस हाती आल्यावर: आधी तळ पाहा, लव आहे का. मग कणा मधोमध की कडेला. मग वरची बाजू, डावं-उजवं आणि लांबी. खाच, फणी, मखमल यांवर बोट फिरवा. त्यानंतर नक्षी, आणि सगळ्यात शेवटी रंग, तोही समोरून आणि आरपार असा दोन्ही उजेडांत.

मोबाईल सांगेल की

आजचा आक्षेप असा की एवढी उस्तवार कशाला, फोटो काढला की अ‍ॅप नाव सांगतं. सांगतं, पण अ‍ॅपला सहसा अख्ख्या पक्ष्यांचे फोटो शिकवलेले असतात आणि तेही रंग-नक्षीच पाहतं. फोटोत माप नसेल तर खंड्या आणि नीलपंख यांत त्याचाही गोंधळ होणारच. जुळवून पाहायला खऱ्या पिसांचा संग्रह हवा. अहमदाबादच्या ईशा मुन्शी आणि शेरविन एव्हरेट यांनी २०२१ मध्ये भारतीय पक्ष्यांच्या पिसांची ‘फेदर लायब्ररी’ सुरू केली, ती या कामी फार मोलाची आहे.

यापुढचा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकारावर एवढा भर देता, पण खरे तज्ज्ञ तर सूक्ष्मदर्शक वापरतात. खरं आहे. ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बोस्टनला एक प्रवासी विमान उडताच कोसळलं आणि ६२ माणसं दगावली. इंजिनांत सापडलेल्या पिसांच्या चिंध्यांना ना आकार होता ना रंग. स्मिथसोनियन संस्थेच्या अभ्यासातून ती पिसं स्टार्लिंगची ठरली. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्यांची ही चुलत भावंडं. रॉक्सी लेबॉर्न या तिथल्या बाईंनी पुढे याचंच शास्त्र उभं केलं. पिसाच्या तळच्या लवेतल्या उपतंतूंवर गाठी असतात. पारव्याच्या कुळात त्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या, बदकांत त्रिकोणी, तितर-कोंबड्यांत कड्यांसारख्या. पण या गाठीही बहुतेक वेळा कुळ सांगतात, जात नव्हे. जात ठरवायला शेवटी संग्रहातल्या अख्ख्या पिसाशेजारी ते पीस ठेवून पाहावं लागतं, म्हणजे पुन्हा जागा, माप, नक्षी. सूक्ष्मदर्शकाने पद्धत मोडली नाही, फक्त दोन पायऱ्या खाली नेली. तितराच्या बाबतीत तर सूक्ष्मदर्शकाविनाही खूण मिळते: त्याच्या अंगावरच्या पिसाच्या मुळाशी दुसरं लहान मऊ पीस जुळ्यासारखं चिकटलेलं असतं.

धुऱ्यावर सापडलेल्या, लव असलेल्या दोन सेंटिमीटरच्या मातकट पिसाला चंडोल, सातभाई, लाव्हा असं नाव देणं म्हणजे अंदाजपंचे. तिथे ‘लहान पक्ष्याच्या अंगावरचं’ एवढंच उत्तर प्रामाणिक. आणि उत्तर मिळो न मिळो, पीस शेजारी नाणं ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढावा आणि तिथेच ठेवावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिसाचीही गणना ‘ट्रॉफी’त होते. मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसांना त्यात सवलत आहे, इतरांना तशी नाही.

ठेवलेलं पीस तिथे फार काळ राहत नाही, हेही ध्यानात असू द्यावं. चिमण्या घरट्याला अस्तर लावायला पिसं उचलतात. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या छताला घरटी करणाऱ्या पाकोळ्या तर हवेत तरंगणारी पिसं उडता उडता पकडतात आणि लाळेने चिकटवून त्यांचंच घरटं बांधतात. त्यामुळे पाकोळीच्या घरट्याखाली पडलेलं पीस पारव्याचं, पोपटाचं, कोंबडीचंही असू शकतं. सापडल्या जागेवरून पक्षी ठरवणारा तिथे हमखास फसतो.